कुत्र्याला गुदगुल्या करण्याआधी

मे महिन्यात नातू मुंबईहून आला की पहिला तास आंब्यांचा आणि दुसरा तांबीचा. तांबी ही आमची कुत्री. रंग विटकरी, जात गावठी, वय नऊ. (जन्म गुरांच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाला कुत्रीचं नावसुद्धा गाईचंच सुचणार.) ती पडवीत उजव्या कुशीवर पसरलेली असते. नातू तिच्या डाव्या बरगड्यांवरून बोटं फिरवतो आणि एका ठरावीक जागेवर आला की तिची मागची डावी तंगडी आपोआप सुरू होते. सुपात तांदूळ पाखडावेत तशी, एका लयीत, कोब्यावर नखं खट खट खट. पोरगा हसून लोळायचा बाकी. "आजोबा, तिला गुदगुल्या होतायत! हसतेय बघा ती!"

आमची ही आतून ओरडते, "पुरे रे बाबू, तिका गुदगुल्यो होतत."

ती हसत नसते. खूश असेलही, नसेलही. त्या तंगडीवरून ते कळत नाही. मग कशावरून कळतं आणि हात नेमका कुठे, कसा लावायचा, ते सांगतो. घरात कुत्रं असेल तर वाचता वाचता करून बघा.

आधी माझ्याबद्दल. कोकणात, सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या बाजूला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी ड्रेसर होतो. कागदावर 'व्रणोपचारक', पण त्या नावाने मला पगारपत्रकाशिवाय कोणी हाक मारली नाही. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टर तपासत असताना जनावर धरून ठेवणं. बहुतेक गाई, म्हशी, बकऱ्या, कुत्री मधूनमधून. डॉक्टर नव्हतो, तेव्हा इथे औषधाचं नाव एकही मिळणार नाही.

तंगडी हलवतं कोण?

चुलीवरच्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि 'आई गं' मागाहून. हात ओढायला डोक्याची परवानगी घ्यावी लागत नाही. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू परस्पर हुकूम सोडतो आणि डोक्याला नंतर कळवतो. पुस्तकात याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. कुत्र्याची तंगडी त्याच जातीची, फक्त इथे एक झटका नसून लय असते. सेकंदाला साधारण चार-पाच फटके, आणि ती लय मज्जारज्जूतच तयार होते.

हे पहिल्यांदा नीट मोजून मांडलं ते चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने, 1906च्या सुमारास. पिसू चावल्याचा भास व्हावा म्हणून तो कुत्र्याच्या कातडीला विजेचा बारीक टोचा द्यायचा आणि त्याला 'विजेची पिसू' म्हणायचा. त्याला असं दिसलं की घोड्यावर खोगीर घालतात साधारण त्या आकाराचा, खांद्यापासून पाठीवरून दोन्ही कुशींवर उतरणारा पट्टा आहे. तिथे टोचलं की त्याच बाजूचा मागचा पाय खाजवायला लागतो. मेंदूशी संबंध तोडलेल्या कुत्र्यांतही ते होत राहायचं. त्या काळातले हे प्रयोग, आज वाचताना पोटात कालवतं. पण ज्ञान तिथून आलं हेही खरं. 1932 साली त्याला एडगर एड्रियन या दुसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर नोबेल विभागून मिळालं.

या सगळ्याचा उपयोग काय? पिसू. गोचीड. कातडीवर चालणारं काहीही. कुत्रा झोपेत असला तरी पाय आपलं काम करतो. म्हणजे नातवाची बोटं बरगडीवर फिरतात तेव्हा तांबीच्या कण्याचा समज असा होतो की किडा चढला, झटका.

1897 साली दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी गुदगुल्यांचे दोन प्रकार पाडून त्यांना लांबलचक ग्रीक नावं दिली. मराठीत त्यांना शब्द आधीपासून होते. हातावरून मुंगी गेली की हुळहुळतं. काखेत बोटं खुपसली की गुदगुल्या होतात आणि हसू फुटतं. कुत्र्याचा पाय हलतो तो हुळहुळण्याने.

पाय आणि तोंड यांतला फरक मला कळला तो एका पावसाळ्यात. रेडीच्या रस्त्यावर तेव्हा खाणीचे डंपर चालायचे. एका डंपरचा धक्का लागलेला कुत्रा मालकाने गोणपाटात घालून आणला. मधला कणा दुखावलेला, मागचे दोन्ही पाय लोळागोळा. डॉक्टरांनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट दाबलं आणि पाय चटकन आखडला. मालक उभ्या जागी उडाला. "डॉक्टरांनू, पाय हलता! बरो होतलो मां तो?" माझ्याही मनात तेच आलं. डॉक्टरांनी पुन्हा दाबलं आणि हळूच मला म्हणाले, "पायाकडे नको बघू. तोंडाकडे बघ."

बघितलं. पाय पुन्हा आखडला. कुत्रा मात्र मालकाकडे बघत होता, तसाच धापत. मान वळली नाही, कान हलला नाही, कुंई नाही. मग डॉक्टरांनी पुढच्या पायाचं बोट जेमतेम दाबलं तर गर्रकन वळून माझ्या मनगटापर्यंत दात आले. पुढची खबर वर पोचत होती, मागची पोचत नव्हती. पाय खाली कण्याच्या हुकमाने हलत होता आणि कुत्र्याला त्याचा पत्ताच नव्हता. मालकाला हे समजावून सांगायला डॉक्टरांना अर्धा तास लागला. मी तेवढा वेळ गोणपाट घडी करत होतो.

जागा कशी शोधायची

कुत्रं दमून, खाऊनपिऊन निवांत पडलेलं हवं. आमच्याकडे संध्याकाळी दिवेलागणीच्या आधीची वेळ. दुपारी उकाड्यात कोणाच्याही अंगाला हात नको वाटतो, त्यालाही.

त्याच्यावर ओणवं होऊ नका. बाजूला बसा, मांडी घालून, आणि हात आधी छातीवर किंवा खांद्यावर ठेवा. डोक्यावर थापट्या मारायची आपल्याला खोड असते. बहुतेक कुत्री ती सोसतात एवढंच. खांद्यावरून हात मागे न्या. पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे चार बोटं सोडा, तिथून बरगड्यांवरून कमरेच्या खळगीपर्यंतचा पट्टा म्हणजे तुमचं शेत. तळहाताने दाबत नेलंत तर काहीच होणार नाही, नुसती मालिश होईल. बोटांची टोकं हवीत, नखं अगदी टेकतील न टेकतील अशी, आणि केसांच्या उलट दिशेने छोटी छोटी ओढ. एकदा ओढून थांबलात तर पाय हलत नाही. किडाही एक पाऊल टाकून थांबत नाही ना. तीन-चार वेळा लागोपाठ त्याच जागी झालं की हिशोब जमतो आणि तंगडी सुटते.

तांबीची जागा शेवटच्या बरगडीच्या जरा वर, डावीकडे. उजवीकडे तीच जागा दोन बोटं खाली आहे. असं का, मला विचारू नका. मुलगा आणतो त्या लॅब्रेडोरची, ब्रुनोची, पोटावर, नाभीच्या पुढे. काहींची शेपटीच्या मुळाशी पाठीवर, काहींची पट्ट्याखाली मानेला. काहींचा पाय हलतच नाही, नुसती कातडी थरथरते. त्यात काही बिघाड नाही.

थोड्या वेळाने तीच जागा थकते. पाय हळू होतो, थांबतो. बोट इंचभर सरकवा, पुन्हा ताजा सुरू. शेरिंग्टननेही हे टिपलं होतं: पाय थकलेला नसतो, त्या जागेची ती वाट थकलेली असते. आणि कुत्रं उभं असताना केलंत तर बघा, तो पाय हवेत आणि बाकीचे तीन त्याला तोलून धरतात. म्हाताऱ्या, गुडघे दुखणाऱ्या कुत्र्याला उभ्याने हे करू नका, घसरतं बिचारं.

तीन मोजा

जागा मिळाली की पोरं सोडत नाहीत. मोठेही नाहीत. माझी चूक सांगतो.

पाचेक वर्षांपूर्वी, गणपतीचे दिवस. घर भरलेलं, माटवीखाली, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीखाली, पाट मांडलेले, आणि पडवीत वाडीतली सात-आठ पोरं रांग लावून. एकेकाने तांबीची तंगडी हलवून दाखवायची. मीच त्यांना जागा दाखवली होती, मोठ्या कौतुकाने. मी आरतीसाठी आत गेलो, आरत्या संपत आल्या, तबक हातात घेतलं आणि बाहेर किंकाळी. शेजारच्या पोराच्या मनगटावर दाताचा ओरखडा.

तांबीला दोष देण्यात अर्थ नव्हता. अर्धा तास तिने सगळं सांगितलं होतं, ऐकणारा मी आत टाळ वाजवत होतो. नंतर दुसऱ्या एका पोराच्या बापाने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ बघितला. त्यात सगळं दिसत होतं. तंगडी मस्त चालू, पोरं हसतायत, आणि तोंड? तोंड मिटलेलं. जीभ बाहेर येऊन नाक चाटून आत. मग जांभई, झोप नसताना. मान पोरांपासून वळवलेली, पण डोळे कोपऱ्यातून त्यांच्याकडेच, बुबुळाच्या कडेला पांढऱ्याची कोर. कान मागे. शेवटी अंग एकदम लाकडासारखं ताठ झालं, क्षणभर श्वासही थांबल्यासारखा. त्याच्या पुढच्या क्षणाला दात.

तंगडी या सगळ्या वेळात हलत होती. ती थांबायची नव्हतीच.

पोराचा हात नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतला आणि तसाच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेला. तांबीला दरवर्षी रेबीजची लस असते, तरीही नेला. कुत्रं ओळखीचं असो, ओरखडा बारीक असो, कातडी फुटली की धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. हळद, चुना, मिरची असलं काही लावायचं नाही. आणि रस्त्यावरच्या किंवा पाहुण्यांच्या अनोळखी कुत्र्याची जागा शोधायला तर मुळीच जायचं नाही.

तेव्हापासून घरात नियम आहे: तीन मोजायचे आणि हात उचलायचा. उचलून आपल्या मांडीवर ठेवायचा, तिच्या तोंडासमोर लोंबकळत नाही. मग बघायचं. तिने नाकाने हात ढकलला, अंग टेकवलं, पंजा ठेवला, पुन्हा लोळण घेतली, तर अजून तीन. काहीच केलं नाही, तर पुरे. उठून अंग झाडलं, पाण्याकडे गेली, तर ते 'पुरे' जरा मोठ्याने म्हटलेलं आहे. खूश कुत्र्याचं तोंड सैल असतं, ओठांच्या कडा लोंबलेल्या, डोळे अर्धे मिटलेले.

पोट दाखवलं म्हणजे बोलावणं आलं असंही समजू नका. ओळखीच्या माणसासमोर सैल अंगाने, चारी पाय वेडेवाकडे टाकून लोळणारं कुत्रं पोट खाजवून मागत असतं. पण नव्या माणसासमोर ताठ, शेपटी पोटाशी घेऊन उताणं झालेलं कुत्रं 'मला काही करू नका' म्हणत असतं. आमचे मुंबईचे पाहुणे दोन्हीला एकच मानतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पोटाला हात घालतात.

पायांची बोटं, मिशा, कानाच्या आतले केस ही करमणुकीची ठिकाणं नव्हेत. फार संवेदनशील असतात. तरी पंजाला हात लावून घ्यायची सवय पिल्लू असल्यापासून लावा, रोज एक बोट, एक सुकटीचा तुकडा. ती पुढे कामाला येते, गोचीड शोधताना.

कानाची कड

आता ती गोष्ट, जी सांगायला मला अजून लाज वाटते.

तांबी दोन वर्षांची होती तेव्हा मला तिची नवी जागा सापडली. कानाच्या पाळीची कड दोन बोटांत धरून चोळली की त्याच बाजूचा मागचा पाय सुरू. दोन्ही कानांना. एकदम हमखास, बटण दाबल्यासारखं. आठवडाभर मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. पोस्टमनला दाखवलं, माडाचे नारळ काढायला आलेल्याला दाखवलं. सगळे हसले.

पुढच्या आठवड्यात कानाच्या कडेला खपलीसारखा कोंडा दिसला. मग कोपरावरचे केस गेले, मग मागच्या पायाच्या टाचेवरचे. रात्रभर खाजवण्याचा आवाज. आणि मग आमच्या हिच्या दोन्ही हातांना बारीक लाल पुळ्या, कारण संध्याकाळी तांबी तिच्या मांडीवर असायची. मी तांबीला माझ्याच दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी कानाची कड धरून चोळली, पाय हलला, आणि त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. लूत. माणसाच्या खरजेच्या किड्याचा भाऊबंद कातडीत बोगदे खणून राहतो आणि त्याला कानाच्या कडा फार आवडतात. कड चोळल्यावर पाय हलणं ही त्याची डॉक्टरांना माहीत असलेली खूण आहे. लूत लागलेल्या बहुतेक कुत्र्यांत ती दिसते. मी ती खूण आठवडाभर वाडीला खेळ म्हणून दाखवत होतो.

घरी आल्यावर ही म्हणाली, "आयुष्यभर गुरांचे घाव धुतलात, आणि घरातली लूत तुमका दिसाक नाय?" उत्तर नव्हतं.

म्हणून हे करून बघा, पण करमणुकीसाठी नाही. महिन्यातून एकदा कानाच्या पाळीचं टोक मुळाकडे दुमडा आणि कडेवर कड पाच-सहा सेकंद चोळा. निरोगी कुत्रं बहुधा नुसतं कान झटकेल. पाय खाजवायला धावला तर कड उजेडात धरून बघा: कोंडा, खपली, उडालेले केस. कोपर, टाचा, पोटाची खालची बाजू बघा. काही दिसलं किंवा घरात कोणाला खाज सुटली असेल तर डॉक्टर गाठा. कानात आतून सूज, घाण असली तरीही पाय हलू शकतो, तेव्हा निदान आपण करायचं नाही. आणि डॉक्टरांनी कातडी खरवडून काचेवर बघितली, किडा दिसला नाही, तरी उपचार द्यायचे ठरवले तर वाद घालू नका. हा किडा खरवडात बऱ्याचदा सापडतच नाही. घरात दोन कुत्री असतील तर दोघांनाही उपचार. माणसाची खाज कुत्रं बरं झालं की साधारण जाते. आमच्या हिची गेली, माझ्यावरचा राग मागाहून.

बोटांना काय लागतं

एकदा बोटं केसात घालायची सवय लागली की त्या पाच मिनिटांत बरंच कळतं. मी काय शोधतो ते सांगतो.

शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या आत काळ्या रवाळ कणी. मातीही असू शकते. कंगव्याने त्या पांढऱ्या कागदावर झाडा आणि पाण्याचा थेंब टाका. माती मातीच राहते. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू दिसायलाच पाहिजे असं नाही. अंगावर दिसतात त्या थोड्या. अंडी, अळ्या, कोष बिछान्यात आणि फटींत. महिनोन्महिने कुलूपबंद असलेलं घर गणपतीला उघडलं की पायावर पिसवा उड्या मारतात, याचं कारण हेच. कोषातली पिसू थांबून राहते आणि पावलांची थरथर, अंगाची ऊब लागली की बाहेर पडते. तेव्हा औषध कुत्र्याला, आणि त्याचं झोपायचं गोणपाट कढत पाण्यात. दोन्ही एकाच दिवशी.

गोचीड शोधायचे ते कानाच्या आत, पट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या बगलेत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली. आमच्याकडे घरं चिऱ्याची. जांभ्याला जन्मजात भोकं, आणि गोचिडीची मादी रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडून असल्याच फटीत हजारांनी अंडी घालते. गिलावा नसलेली भिंत असेल तर कुत्र्याची झोपायची जागा भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि फटी बुजवून घ्या. चिकटलेला गोचीड बारीक चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ, सावकाश ओढायचा. पिरगळायचा नाही, बोटांनी चिरडायचा नाही. उदबत्तीचा चटका आणि घासलेट हे दोन गावठी उपाय मी दवाखान्यात निस्तरले आहेत. गोचीड सुटला नव्हता, कातडी मात्र सोलली होती. गोठ्यातलं गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावणं तर त्याहून वाईट. आणि कुत्र्याचं औषध मांजराला कधीही नाही. त्यातली काही मांजराच्या जिवावर बेततात. गोचीड झाल्यानंतरच्या दिवसांत कुत्रं जेवेना, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, तर वाट बघू नका. रक्त तपासायला लागतं.

पावसाळ्यात पंजे. चार महिने बेचकी ओलीच असतात, लाल होतात, कुत्रं चाटत बसतं. फिक्या रंगाच्या कुत्र्याचे पंज्यावरचे केस लाळेने तांबूस दिसायला लागले तर समजा, बरेच दिवस चाटतंय. बाहेरून आलं की जुन्या पंच्याने बोटाबोटांत पुसायचं. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान उलटून वास घ्या, हो, वास. आंबूस आला तर डॉक्टर. काडीला कापूस लावून आत घालू नका. ती नळी आत वळलेली असते आणि घाण पुढे ढकलली जाते.

ब्रुनोला वेळागरच्या किनाऱ्यावर सोडला की तो सुरूच्या बनातून थेट पाण्यात. मजा करू दे. पण घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पोट आणि बगला नीट. मीठ आणि रेती अंगावर सुकली की संध्याकाळी खाजवतो, आणि तुम्ही म्हणाल गोचीड झाले. खारं पाणी पोटात जास्त गेलं तर हगवण लागते, म्हणून बाटलीभर पाणी बरोबर.

आणि एक वेगळं. कुत्रं चालता चालता थांबून मानेजवळ हवेतच पाय मारतंय, पाय कातडीला लागतही नाही, असं वारंवार दिसलं तर ती कातडीची तक्रार नसावी. कॅव्हेलियर जातीच्या छोट्या कुत्र्यांत मज्जारज्जूच्या एका दुखण्यात असं होतं. गावठी कुत्र्यांत मी कधी पाहिलं नाही. दिसलं तर व्हिडिओ काढा आणि दाखवा, कारण दवाखान्यात टेबलावर ते करून दाखवत नाहीत.

यंदाच्या मे महिन्यात नातवाला हे सगळं सांगितलं. डंपरच्या कुत्र्याची गोष्ट सोडून. ती पुढे कधीतरी. तो आता आठ वर्षांचा आहे. ऐकून घेतलं आणि पडवीत गेला. मी आतून बघत होतो. बरगडीवर बोटं ठेवली, तंगडी सुरू झाली, खट खट खट. एक, दोन, तीन. हात उचलून मांडीवर. तांबीने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, उठली, अंग झाडलं आणि खळ्यात फणसाखाली जाऊन पसरली.

"आजोबा, तीन मोजले. गेली ती."

"मग?"

"मग काय. मी पण जातो आंघोळीला."